शेंड्याचा निरोप आणि उसाचा डोळा

(ऊस विकास विभाग)



गेल्या सुरू लागणीनंतर महिनाभराने चांगदेव शिवारातले एक सभासद आमच्या गट कार्यालयात आले. त्यांनी पिशवीतून मातीने भरलेल्या सहा-सात टिपऱ्या काढल्या आणि आमच्या टेबलावर ओळीने मांडल्या. सगळ्या तीन डोळ्यांच्या होत्या. "साहेब, बेणं एक, जमीन एक, पाणी एक. मग ह्या बाजूचा डोळा फुटेल आहे आणि ह्या बाजूचा झोपेल, असं कसं?"

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. उसाचा शेंड्याकडचा भाग कोवळा असतो, त्यात पाणी आणि ग्लुकोज जास्त असते, म्हणून तिकडचे डोळे जोमाने उगवतात. बुडख्याकडचे डोळे जून असतात, ते मागे राहतात. हे खरेच आहे. पण ते भाऊ हुशार निघाले. त्यांनी दोन टिपऱ्या बाजूला काढल्या. "ह्या दोन्ही बुडख्याच्या आहेत, मीच तोडल्या. ह्या तर आख्ख्याच जून ना? मग हिच्यातबी शेंड्याकडचाच डोळा का फुटला?"

तीन पेरांच्या टिपरीत वरच्या आणि खालच्या डोळ्याच्या वयात असा फरक तो कितीसा? नुसत्या वयाने हे उत्तर पुरे होत नाही. त्या दिवशी आम्ही त्यांना नीट समजावू शकलो नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांना द्यावयाचे राहिलेले उत्तर होय. बाकीच्या सभासदांनाही त्याचा उपयोग होईल, कारण जेठा कोंब, खोडव्याची छाटणी, टू-फोर-डीची फवारणी आणि दुकानातली टॉनिकची बाटली या सगळ्यांचे मूळ एकाच जागी आहे.

वनस्पतीला मेंदू नाही, नसा नाहीत. तरी शेंड्यावर काय चालले आहे ते बुडाला कळते आणि मुळांची हालत पानांना कळते. हे निरोप पोहोचवणारी काही द्रव्ये वनस्पती स्वतःच तयार करते. ती अगदी अल्प प्रमाणात असतात. एका जागी तयार होतात आणि दुसऱ्या जागी जाऊन काम करतात. त्यांना संप्रेरके म्हणतात. शेतकऱ्यांच्या बोलण्यात संजीवके हा शब्द रुळला आहे, तोच आपण वापरू. संजीवक म्हणजे खत नव्हे. खताने पोट भरते, संजीवकाने हुकूम मिळतो. हा भेद मनात पक्का ठेवावा, लेखाच्या शेवटी तो कामाला येणार आहे.

या शोधाची सुरुवात गवताच्या कोंबापासून झाली. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन यांनी उतारवयात, मुलगा फ्रान्सिस याला मदतीला घेऊन, गवताच्या कोवळ्या कोंबावर प्रयोग केले. कोंब खिडकीच्या उजेडाकडे वाकतो हे सर्वांना माहीत होते. डार्विन बापलेकांनी कोंबाच्या टोकावर टोपी घातली. कोंब वाकायचा थांबला. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला, तर मात्र वाकला. म्हणजे उजेड पाहते टोक, वाकतो खालचा भाग, आणि टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. हे त्यांनी 1880 साली पुस्तकात लिहिले. पुढे हॉलंडमधील युट्रेक्ट येथे फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या कोंबाची टोके कापून चायना ग्रासच्या चकतीवर ठेवली. होय, तेच चायना ग्रास, जे घालून घरी जेली करतात. काही वेळाने टोके फेकून दिली आणि नुसत्या चकतीचा तुकडा बिनटोकाच्या कोंबावर एका कडेला ठेवला. कोंब अंधारातही विरुद्ध बाजूला वाकला! निरोप चकतीत उतरला होता. वेंटने हे 1928 साली प्रसिद्ध केले. या द्रव्याला ऑक्झिन असे नाव मिळाले.

आता टिपरीकडे येऊ. ऑक्झिन मुख्यतः शेंड्यात, म्हणजे पोंग्याच्या आतील वाढत्या टोकात आणि कोवळ्या पानांत तयार होते. तेथून ते खोडातून खाली उतरते. जाता जाता वाटेतल्या प्रत्येक डोळ्याला त्याचा हुकूम असतो : मी वर आहे, तू झोप. 1930 नंतरच्या काही वर्षांत थिमन आणि स्कूग यांनी एका शेंगवर्गीय रोपाचा शेंडा छाटला, तेव्हा बाजूचे डोळे फुटले. मग दुसऱ्या रोपाचा शेंडा छाटून त्या जखमेवर ऑक्झिन लावले, तर डोळे झोपूनच राहिले. शेंड्याऐवजी शेंड्याचा निरोप ठेवला तरी काम भागले. उभ्या उसाला बारा महिने डोळे असून ते का फुटत नाहीत, याचे उत्तर हेच. आणि शेंडे कीड पोंगा खाते किंवा उसाला तुरा येतो, तेव्हा वरच्या कांड्यांवर पांगशा का फुटतात, याचेही. तुरा आला की शेंड्याची वाढ संपली, हुकूम देणारा राहिला नाही. मग डोळे जागे होतात आणि कांडीतली साखर खाऊन पांगशा वाढतात. असा ऊस तोडणीला मागे ठेवू नये, चिटबॉयला सांगून त्याची नोंद लवकर लावून घ्यावी.

उसाची टिपरी केली की मूळचा शेंडा गेला. तिन्ही डोळ्यांना मोकळीक मिळाली. पण जो डोळा शेंड्याच्या बाजूला आहे, तो थोडा आधी जागा होतो, त्याचा कोंब सरकतो आणि त्या कोंबाच्या टोकात पुन्हा ऑक्झिन तयार होऊ लागते. ते खाली उतरून मागच्या दोघांना दाबते. घरातला थोरला गेला, तर मधल्याने कारभार हातात घ्यावा, तसे हे आहे. बुडख्याच्या टिपरीतही हेच घडते, म्हणून त्या भाऊंच्या दोन टिपऱ्यांत वरचाच डोळा फुटला होता.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. हा निरोप एकाच दिशेने जातो. टिपरी सरीत उलटी पडली, आडवी पडली, तरी ऑक्झिन तिच्या मूळच्या शेंड्याकडून मूळच्या बुडाकडेच चालते. असे का, हे बरीच वर्षे कोडे होते. 1970 नंतर त्याचा उलगडा होऊ लागला आणि 1990 नंतर त्यामागील प्रथिने हाती लागली. वनस्पतीचे शरीर लहान लहान पेशींचे असते. ऑक्झिन पेशीत सहज शिरते, पण एकदा आत शिरले की त्याला सहज बाहेर पडता येत नाही. बाहेर पडण्यासाठी खास दारे लागतात. आणि ही दारे पेशीच्या खालच्या अंगालाच जास्त बसवलेली असतात. आपण शेतात दारे धरतो तेव्हा ज्या बाजूचे दार फोडू त्याच बाजूला पाणी जाते, तसेच. पेशीमागून पेशी असे दार ओलांडत हे चालत असल्याने त्याचा वेग फार कमी, तासाला साधारण 1 सेंटिमीटर. दहा फुटी उसात शेंड्याचा निरोप बुडापर्यंत जायचा म्हटले तर या हिशेबाने बारा-तेरा दिवस लागतील. पाणी आणि साखर मात्र वेगळ्या नळ्यांतून याच्या कितीतरी पट वेगाने धावतात.

एवढे समजल्यावर बेण्याचा हिशेब मांडावा. तीन डोळ्यांची टिपरी लावणारा सभासद एका डोळ्याचे बेणे फुकट घालवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन डोळ्यांची टिपरी एकरी 10,000 या प्रमाणात पुरेशी होते. एक डोळ्याच्या टिपरीत दाबणारा कोणी नसतो, पण तिच्यात अन्नाचा साठा कमी असतो आणि दोन्ही तोंडे डोळ्याजवळ असल्यामुळे ती लवकर सुकते किंवा कुजते. म्हणून एक डोळा असेल तर आधी रोपे करावीत, सरळ सरीत टाकू नये. टिपरी मांडताना डोळे बाजूला येतील असे पाहावे. आणि बेणे दहा-अकरा महिन्यांचेच घ्यावे. खोडव्याचे, तुरा आलेले, पांगशा फुटलेले बेणे "चालून जाईल" म्हणून घेऊ नये. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडीचा कडाका असतो, तेव्हा चांगले बेणेसुद्धा रखडते. वाईट बेण्याला तर निमित्तच हवे असते.

ज्यांना आमच्या सांगण्याचा भरवसा वाटत नसेल, त्यांनी घराजवळ एक अख्खा ऊस वाढे काढून सरीत आडवा गाडावा. शेजारी तसाच दुसरा ऊस दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करून गाडावा. महिन्याने दोन्हींचे कोंब मोजावेत.

खालून वर जाणारा निरोपही असतो. मुळांच्या टोकांत सायटोकायनिन नावाचे संजीवक तयार होते आणि पाण्याबरोबर वर चढते. ते डोळ्याला उठवते, पानाला हिरवे ठेवते. म्हणजे वरून शेंडा म्हणतो झोप, खालून मूळ म्हणते ऊठ, आणि या ओढाताणीत किती फुटवे निघायचे ते ठरते. आपल्या तापी-पूर्णा काठच्या भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळे गुदमरतात. मग खालचा निरोप अडतो. असा ऊस पिवळा पडला की सभासद युरिया टाकतात आणि तरी पिवळाच का म्हणून आमच्यावर रागावतात. तेथे भूक नसते, मुळे श्वास घेत नसतात. वाफसा येऊ द्यावा, चर काढावा, मग खताचे पाहावे.

आणखी एक निरोप 2008 साली उजेडात आला. त्याला स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात. तेही मुळांतून वर जाते, पण सायटोकायनिनच्या उलट, फुटवे दाबण्यासाठी. भातावरच्या अभ्यासात असे दिसले की जमिनीत स्फुरद कमी असला की मुळे हे द्रव्य जास्त तयार करतात आणि फुटवे कमी निघतात. जणू मूळ सांगते, घरात दाणे नाहीत, पाहुणे बोलावू नका. ऊस हाही भातासारखाच गवताच्या कुळातला. लागणीच्या वेळी सरीत सुपर फॉस्फेट टाळून ते पैसे नंतर युरियाला घालणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता जेठा कोंब. काही सभासद जेठा कोंब काढतात, काही त्याला पाप समजतात. जेठा म्हणजे टिपरीतून प्रथम येणारा कोंब. त्याचा शेंडा शाबूत आहे तोवर बाजूच्या फुटव्यांवर त्याचा दाब राहतो. दोन-तीन फुटवे दिसू लागल्यावर, म्हणजे दीड-दोन महिन्यांच्या सुमारास, जेठा जमिनीलगत धारदार कात्रीने कापला तर दाब उठतो आणि फुटवे एकाच वेळी, एकाच जाडीचे येतात. तत्त्व बरोबर आहे. परंतु आम्ही ते सरसकट सांगत नाही. साडेचार-पाच फुटांची सरी, ठिबक आणि वेळेवर लागण असेल तर जरूर करावे. फेब्रुवारी उलटून गेल्यावर लागण केली आणि विहिरीचे पाणी मे महिन्यात तळाला जाणार असेल, तर जेठा राहू द्यावा. 44-45 अंशांच्या उन्हात पाण्याचा ताण पडला की पान ॲब्सिसिक आम्ल नावाचे संजीवक तयार करते, त्याने पानाची छिद्रे मिटतात आणि वाढ थांबते. त्या वेळी हाती असलेला जेठाच काय तो आधार असतो.

खोडव्याचेही असेच. तोडणी टोळी घाईत असते, कोयता वरून चालतो आणि वीतभर बुडखा शिल्लक राहतो. त्या बुडख्यावरचे डोळे वर असल्याने तेच आधी फुटतात आणि जमिनीखालच्या डोळ्यांना दाबून ठेवतात. वरच्या फुटव्याला मातीचा आधार नाही, स्वतःची मुळे नाहीत, पावसात लोळतो. म्हणून बुडखे जमिनीलगत छाटावेत. तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत हे काम व्हावे, वरचे डोळे फुटून बसल्यावर छाटणे म्हणजे दुप्पट नुकसान. मुकादमाला तोडणीच्या दिवशीच बांधावर उभे राहून सांगावे. टोळी गेल्यावर मजूर लावून छाटायचे तर खिशाला चाट बसते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही ही सगळी चर्चा लांबवली, तिच्याकडे येतो. टू-फोर-डी हे तणनाशक आपण उसात रुंद पानाच्या तणावर मारतो. पुष्कळांना ते विष वाटते. वस्तुतः ते बनावट ऑक्झिन आहे. 1940 नंतरच्या दशकात ते शोधले गेले. खऱ्या ऑक्झिनचे काम झाले की वनस्पती ते मोडून टाकते. हे बनावट लवकर मोडत नाही. रुंद पानाच्या झाडात ते शिरले की थांब म्हणणारा कोणी राहत नाही. झाड वेडेवाकडे वाढते, पिळवटते, नळ्या चेमटतात आणि मरते. ऊस, ज्वारी, मका ही गवतवर्गीय पिके ते बरेचसे निकामी करू शकतात, म्हणून वाचतात.

पण बांधापलीकडे कपाशी असते. कपाशी या द्रव्याला इतकी नाजूक आहे की पंपात राहिलेल्या अंशानेसुद्धा तिची पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात, पाते गळते. पपई आणि टोमॅटोही तसेच नाजूक.

ही चूक आमच्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी पहिल्या पावसानंतर एका सभासदाच्या सुरू उसात तण माजले होते. फवारा म्हणून आम्हीच सांगितले, आणि दुपारी वारा सुटलेला असताना थांबा म्हणायचे ते म्हटले नाही. शेजारी मे अखेरीस लावलेली बागायत कपाशी महिन्याची होती. आठ-दहा दिवसांत तिची पाने पंजासारखी झाली. शेजाऱ्याला वाटले रोग आला. त्याने दोन औषधे मारली, खर्च वाढला. खरे कारण आम्ही जाऊन सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही, नुसते पाहत राहिला. कपाशी पुढे थोडीफार सावरली, पण वेचणी मागे पडली. ते दोघे चुलत भाऊ आहेत. आजही एका बांधावर उभे राहून ते एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही त्या वाटेने जातो तेव्हा मान खाली जाते.

म्हणून सांगतो. शेजारी कपाशी, पपई वा भाजीपाला असेल तर टू-फोर-डी मारूच नये, खुरपणी करावी किंवा गट कार्यालयात दुसरे तणनाशक विचारावे. मारायचेच तर सकाळी, वारा पडलेला असताना, नोझल खाली धरून. या औषधाचे एस्टर नावाचे प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातात. आपल्या उन्हाळ्यात ते घेऊच नयेत. बाटलीवर एस्टर लिहिले आहे का, ते दुकानदाराकडून वाचून घ्यावे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा आणि त्यावर तांबड्या रंगाने खूण करावी. "धुऊन घेतला ना" म्हणून तोच पंप कपाशीला नेऊ नये. रबरी नळीत राहिलेले थेंब साध्या धुण्याने जात नाहीत.

बाटल्यांवरून टॉनिकची आठवण झाली. जिबरेलिक आम्लाचे, म्हणजे ज्याला सगळे जी.ए. म्हणतात त्याचे, सध्या फार नाव आहे. त्याचा शोध भाताच्या रोगातून लागला. रोगट भाताची रोपे बांबूसारखी उंच वाढून पडत. ते बुरशीच्या स्रावामुळे होते, हे 1926 साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने तैवानात दाखवले. पेर लांबवणे हे त्याचे काम. द्राक्षवाले ते मण्यांसाठी वर्षानुवर्षे वापरतात. उसातही हवाई बेटांवर आणि आपल्या लखनौच्या ऊस संशोधन संस्थेत त्याचे प्रयोग झाले आहेत. तेव्हा ते थोतांड नाही. पण हुकूम आणि पोट यांचा भेद आठवा. पेर लांब हो म्हणून हुकूम दिला आणि पाणी-खत नसले, तर पेर लांबते पण पोकळ राहते, ऊस लोळतो. ज्याची मोठी बांधणी झालेली नाही, ज्याने माती परीक्षण केलेले नाही, त्याने जी.ए. घेऊन काय करायचे?

आणि मात्रा किती लहान असते ते पाहा. 35 पीपीएम म्हणजे लिटरला 35 मिलिग्रॅम. 15 लिटरच्या पंपाला अर्धा ग्रॅमच्या आसपास. शुद्ध भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. चिमटीने टाकणारा माणूस दुप्पट-तिप्पट टाकतो किंवा सगळे तळाशी बसवतो. ज्या बाटलीवर कोणते संजीवक आणि किती टक्के ते लिहिलेले नाही, ती घेऊ नये.

केळीवाल्या सभासदांसाठी जाता जाता एक. पूर्वी बंद खोलीत धूर करून केळी पिकवत. पिकवायचे ते धुरातला इथिलीन वायू. हेही संजीवकच. त्याला नळी लागत नाही, हवेतून जाते, म्हणून एक पिकलेली फणी शेजारच्या दहांना पिकवते. मात्र केळीचे पिकणे आणि उसाचे पक्व होणे एक नव्हे. त्याच नावावर उसाला फवारून साखर वाढवा असे सांगत कोणी आले, तर आधी गट कार्यालयात यावे.

जी.ए. वापरणारच असाल, तर अर्धा ग्रॅम मोजणारा काटा आमच्याकडे ठेवला आहे. पुडी आणावी, पंपागणिक भाग करून देऊ. गुरुवारी बाजारतपासणीला जात असल्याने त्या दिवशी कार्यालय दुपारी दोननंतर उघडे असते.

— ऊस विकास अधिकारी